तरंगगुरूंचं तांब्याचं कवच

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत प्रत्येक पायरीवर माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि सगळ्यांच्या माना दाराजवळच्या मीटरच्या फळीकडे वळल्या होत्या. फळीवर बारा घरांचे बारा मीटर होते. त्यातला तिसऱ्या मजल्यावरच्या घराचा मीटर आज रोगी ठरला होता आणि त्याच्यासमोर स्टूल टाकून पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले तरंगगुरू बसले होते. उपचाराआधी यजमानाच्या घरी गरम पाण्यानं आंघोळ करायची, असा त्यांचा नेम होता. केस अजून ओलेच होते.

"बघा कसा धापा टाकतोय," मीटरवरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "हा साधा मीटर नव्हे, स्मार्ट मीटर. दर पंधरा मिनिटांनी तुमच्या घरातून तरंग बाहेर फेकतो. ते तरंग रिकाम्या हातानं जातात का? तुमची प्राणऊर्जा घेऊन जातात. जगभर हेच चाललंय. आधी मीटर बदलतात, मग माणूस बदलतो."

दिवा खरंच भराभर लुकलुकत होता. गुरूंनी पिशवीतून तांब्याची पेटी काढली. तिला पुढून नखाएवढं एक भोक होतं. ही पेटी म्हणजे कवच. ती मीटरवर बसवली, चारी बाजूंनी स्क्रू आवळले आणि सगळ्यांना तीन मिनिटं डोळे मिटून मौन धरायला सांगितलं. मग त्यांनी सुरू केलं, "ॐ व्होल्टाय शमय शमय, ॐ अँपाय दमय दमय." सगळ्यांचे डोळे मिटले. गुरूंचा शिष्य तेवढा हळूच जिना चढून वर गेला, गुरूंचा टॉवेल राहिला होता म्हणे.

तीन मिनिटांनी डोळे उघडले तेव्हा भोकातून दिसणारा दिवा शहाण्यासारखा सावकाश लुकलुकत होता. जिनाभर हुंकार उठला. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या यजमानांनी गुरूंच्या पायावर डोकं ठेवलं.

डोळे न मिटलेला माणूस एकच होता, यजमानांचा धाकटा भाऊ. त्यांना अख्खी वस्ती रीडिंगकाका म्हणायची, कारण बावीस वर्षं ते वीज कंपनीत दारोदार जाऊन मीटरचं रीडिंग घ्यायचे. स्मार्ट मीटर आले आणि ते काम संपलं. मीटर आपलं रीडिंग स्वतःच कळवू लागले आणि काकांना कंपनीच्या नियंत्रण कक्षात एका पडद्यासमोर बसवलं. म्हणजे या मीटरचा राग करायला वस्तीत कोणाला खरं कारण असेल तर ते त्यांनाच होतं.

पण हाडाची सवय जात नाही. जुन्या रीडिंगवाल्यांची एक खोड असायची. मीटरसमोर उभं राहिलं की घड्याळ लावून दिव्याची लुकलुक मोजायची. या मीटरचा दिवा एका युनिटला हजार वेळा लुकलुकतो. मिनिटात किती वेळा लुकलुकला ते कळलं की आत काय काय चालू आहे ते दारातच सांगता येतं. काकांनी मंत्राआधी मोजलं होतं, चाळीस. मंत्रानंतर मोजलं, सहा. मधले चौतीस म्हणजे दोन हजार वॅट, म्हणजे गिझर. गुरूंच्या आंघोळीसाठी लावलेला गिझर शिष्यानं वर जाऊन बंद केला होता. उरलेले सहा म्हणजे आईचं प्राणवायूचं मशीन. आई थोरल्याकडे राहायची, तिची फुप्फुसं थकली होती आणि ते मशीन दिवसरात्र तिच्या उशाशी चालू असायचं.

काका हसले आणि बोलायला तोंड उघडलं. यजमानांनी, म्हणजे काकांच्या दादांनी, त्यांचा दंड धरला. "आज नको," ते कुजबुजले. "तुझ्या वहिनीनं मोठ्या आशेनं बोलावलंय त्यांना. आईला बरं वाटावं म्हणून. तुझं काय जातंय?"

खरंच, आपलं काय जातंय? असला विचार शहाण्या माणसाला फार सोयीचा असतो. गिझर बंद केल्यावर दिवा मंद होतो यात ज्यांना देव दिसतो, त्यांच्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एक तांब्याची पेटी कोणाचं काय वाकडं करणार आहे? असं स्वतःला सांगून काका आईला भेटले, चहा प्याले आणि घरी गेले. आठवडाभरात इमारतीतल्या बाराच्या बारा मीटरांना कवचं बसली.

नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर प्रत्येक मीटरचा एक ठिपका होता. चालू असला की हिरवा, वीज गेली की लाल आणि काहीच कळलं नाही की राखाडी. दादांच्या इमारतीचे बारा ठिपके एकामागून एक राखाडी झाले. कक्षप्रमुख बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि नियमाप्रमाणे ते बारा मीटर नादुरुस्तीच्या यादीत टाकले. यादी लांब होती, माणसं कमी होती. काकांनी ते पाहिलं. त्यांना कारण माहीत होतं. सांगायला लाज वाटली, कारण त्यातलं एक घर त्यांच्या सख्ख्या भावाचं होतं. दादांशी सवडीनं बोलू, असं त्यांनी ठरवलं, आणि ती सवड काही आली नाही.

बुधवारी दुपारी त्या रस्त्याखालची केबल जळाली. पूर्वी असं झालं की कोणीतरी फोन करायचं, मग माणसं शोधत फिरायची, दोन-दोन तास जायचे. आता पडद्यावर रस्ताभर लाल ठिपके उमटले, विजेच्या जाळ्यातल्या स्वयंचलित खटक्यांनी जळका तुकडा बाजूला काढला आणि दुसऱ्या टोकाकडून वीज फिरवून आणली. मिनिटभरात सगळे ठिपके पुन्हा हिरवे झाले. बाईंनी समाधानानं मान हलवली. राखाडी बारा तेवढे राखाडीच राहिले, पण ते काय, आधीपासूनच राखाडी होते.

पाऊण तासानं काकांचा फोन वाजला. वहिनी होत्या. आवाज ओळखू येत नव्हता.

"भाऊजी, आपल्याकडे लाइट नाही. आईंचा राखीव प्राणवायूचा सिलिंडर संपला. आईंचे ओठ निळे पडलेत."

"कधी गेली?"

"झाला पाऊण तास. मी आधी गुरूंच्या माणसाला फोन केला होता. तो म्हणाला, हा शुद्धीकाळ आहे, पहिला अंधार मनावर घेऊ नका, कंपनीला कळवलंत तर तरंग परत येतील."

काकांनी पडद्याकडे पाहिलं. त्या राखाडी ठिपक्यावर एक छोटी खूण होती. ती त्यांनीच अर्ज भरून घालून घेतली होती. घरात प्राणवायूचं मशीन आहे, इथली वीज गेल्याचा निरोप आला की कोणाची वाट न बघता गाडी पाठवायची, असा त्या खुणेचा अर्थ. वीज जाते तेव्हा असा मीटर शेवटचा दम एकवटून एकच निरोप धाडतो, की माझी वीज गेली. आईच्या मीटरनंही तो धाडला असणार. तो तांब्यावर आपटून तिथेच विरला.

गाडी बारा मिनिटांत पोहोचली. केबल जळताना बसलेल्या धक्क्यानं इमारतीचा मुख्य फ्यूज उडाला होता, पाच मिनिटांचं काम. बाकी घरांतली बहुतेक माणसं कामावर गेली होती. जी होती ती शुद्धीकाळ पाळत मुकाट बसली होती. गाडीबरोबर मागवलेल्या रुग्णवाहिकेनं आईला नेलं. ती चार दिवस दवाखान्यात होती आणि वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं गेली असती तर आमच्या हातात काही नव्हतं. काका त्या चार रात्री दवाखान्याच्या बाकावर होते आणि गुरूंपेक्षा जास्त शिव्या त्यांनी स्वतःला घातल्या. पहिल्याच दिवशी त्यांना सगळं कळलं होतं आणि ते चहा पिऊन घरी गेले होते.

आई घरी परतली, पण मीटरवरचं कवच काढायचा धीर दादांना अजून झाला नव्हता. पुढच्या रविवारी गुरू पुन्हा हजर. चोर तो चोर आणि वर शिरजोर. जिना पुन्हा भरला. या वेळी पेटीवर बसवायची दुसरी, मोठी पेटी आली होती.

"आजी वाचल्या कशा, विचारा," गुरू स्टुलावरून म्हणाले. "कवच होतं म्हणून वाचल्या. नसतं तर गेल्याच होत्या. एका पदरानं प्राण राखले, आता दुसरा पदर हवा."

दादा मान खाली घालून उभे होते. काका दोन पायऱ्या उतरून मीटरजवळ आले आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी पुढच्या मुलीच्या हातात दिलं. वर हाक मारून वहिनींना सांगितलं, मशीन सोडून घरातलं सगळं बंद करा आणि गिझर लावा. मुलगी मोजू लागली. चाळीस.

"आता मी मंत्र म्हणतो," काका म्हणाले. "डोळे उघडे ठेवा. ॐ कांद्याय बटाट्याय. वहिनी, गिझर बंद करा."

मुलीनं मोजलं. सहा.

कोणीतरी फसकन हसलं, मग जिनाभर हसू पसरलं. काकांनी सगळं सांगितलं: दिवा वीज मोजतो, जितकी वापराल तितका पळतो, गुरूंची आंघोळ कशासाठी, त्यांचा टॉवेल दर वेळी वरच कसा राहतो. शिष्य दाराकडे सरकू लागला. पण गुरू मुरलेले होते. त्यांनी हात वर केला.

"दिव्याचं सोडा. तो अज्ञ लोकांना समजावण्याचा दृष्टांत होता. कवच तरंग अडवतं, हे तरी खोटं आहे का?"

"नाही," काका म्हणाले. "तेवढं एकच खरं बोललात."

त्यांनी नवी पेटी उचलली, शिष्याच्या खिशात डोकावणारा फोन मागून घेतला, आत ठेवला आणि झाकण लावलं. मग मुलीला शिष्याचा नंबर लावायला सांगितला. फोन वाजला नाही. दोनदा लावला, तीनदा लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' एवढंच ऐकू आलं.

"अडवतं," काका म्हणाले. "बुधवारी दुपारी या मीटरनं कंपनीला हाक मारली होती, की इथली वीज गेलीय, या घरात म्हातारी आहे, या. मी पलीकडे पडद्यासमोरच बसलो होतो. माझ्या आईची हाक होती ती, आणि ती या डब्यानं अडवली. प्राणऊर्जा म्हणतात ती हीच का, गुरुवर्य?"

श्रद्धा नसलेल्या ठिकाणी आपण थांबत नाही, असं पुटपुटत गुरू उठले. ओठांवर एवढा धर्म असलेला माणूस पळताना स्टुलाला अडखळला, हे बघून काकांना फार बरं वाटलं, ते का लपवा? गुरूंना कोणी हात लावला नाही. दाराशी दोन पोलिस उभे होते. दवाखान्याचा कागद जोडून काकांनी आदल्या दिवशीच तक्रार दिली होती. शिष्याचा फोन पेटीतच राहिला आणि शुद्धीकाळाचे सगळे निरोप त्या फोनमध्ये.

गर्दी मात्र तशीच उभी होती. एका गृहस्थांनी कुरकुर केली की काका आता कंपनीची बाजू घेताहेत. काकांनी त्यांना उत्तर दिलं ते साधं होतं. कंपनीवर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. तिच्याही मीटरसमोर घड्याळ घेऊन उभे राहा, घरातलं एक-एक यंत्र लावा, मोजा, चुकलं तर भांडा. मी स्वतः भांडायला येईन. जगभर विजेच्या तारांना असे कान येताहेत, ते आपलं किती ऐकतात आणि कशासाठी, हेही जरूर विचारा. पण जो डोळे मिटायला सांगतो त्याच्यासमोर डोळे उघडे ठेवा. आणि ज्याला दिसलं असेल त्यानं गप्प बसू नये. मी बसलो होतो.

दादा पुढे झाले. त्यांनी खिशातून पेचकस काढला, म्हणजे तो त्यांनी सकाळपासूनच बरोबर ठेवला होता, आणि कवचाचे चारही स्क्रू एक-एक करून सोडवले. पेटी जमिनीवर ठेवली. दिवा उघडा पडला. दादांनी मुलीकडून घड्याळ घेतलं आणि ओठ हलवत मिनिटभर मोजत राहिले.

"सहा," ते धाकट्याला म्हणाले. "मशीन चालू आहे."