चौथ्या मजल्यावरची लाल पाटी

मी चौथ्या मजल्यावरची लाल पाटी बोलतेय. लिफ्टशेजारी, जिन्याच्या तोंडाशी माझी जागा. बोलायची मला सवय नाही. ज्यांनी कधी वाचलं नाही, ते ऐकतील अशी आशा कशाला धरायची?

माझा जन्म पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानातला. लाल पत्र्यावर त्याने पांढऱ्या रंगात एकच ठसठशीत इंग्रजी शब्द काढला, ‘इव्हॅक्युएट’. खाली जिन्याकडे बोट दाखवणारा बाण.

“म्हणजे काय हो?” त्याच्या बायकोने विचारलं.

“मी रंगवतो, वाचत नाही,” तो म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला.

अर्थ तसा सोपा आहे. धोका आला की जागा रिकामी करायची. पण माझ्या शब्दाची एक चुलत बहीण आहे, ‘एस्केप’. लोक आम्हा दोघींत गल्लत करतात. ती स्वतःपुरतं बघते. फट दिसली की निसटली. माझं तसं नाही. माझ्यात आजारी, म्हातारे, झोपलेले, हट्टी, सगळ्यांना घेऊन निघायचं असतं. म्हणून मी जरा जड आहे, तोंडात बसायलाही आणि करायलाही.

अग्निसुरक्षेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरीने मला इथे ठोकून घेतलं. चार भोकं, तीन स्क्रू. तपासणी झाली आणि माझं काम संपलं. चौथ्या कोपऱ्यावर लोक ओल्या छत्र्या अडकवू लागले.

समोरचं दार उघडं असलं की मला थेट स्वयंपाकघर दिसतं. तिथे सासूबाई, त्यांचा मुलगा आणि नवी सून. सून अबोल. लग्न होऊन आल्यापासून तिच्या तोंडून “हो आई” याखेरीज फारसं काही ऐकल्याचं मला आठवत नाही. पण तिचे डोळे सगळं टिपायचे. मला पहिल्यांदा नीट वाचलं तेही तिनेच, लिफ्टची वाट बघताना.

“एवढी शिकलीस, सांग बरं काय लिहिलंय ते,” सासूबाई म्हणाल्या.

“धोका आला की इथून बाहेर पडायचं.”

“म्हणजे पळायचं.”

“पळायचं नाही, आई. सगळ्यांना घेऊन निघायचं.”

“हं. म्हणजे तिथेही आवराआवर बाईच्याच गळ्यात!”

सून गालातल्या गालात हसली. लिफ्ट आली.

मग ती दुपार. मुलगा कामावर. सासूबाई कवळी वाटीत काढून ठेवून आडव्या झाल्या होत्या. शेजारच्या कुलूपबंद घराच्या दाराखालून धुराची एक रेघ बाहेर आली. आधी बारीक, मग बोटभर, मग काळी. रबर जळल्याचा वास सुटला.

सुनेने दार उघडलं, धूर पाहिला. आत वळून हाक मारली, “आई, उठा. खाली जायचंय. आत्ता.”

“अगं, पण असल्या गाऊनवर? केसांचा हा अवतार! चार माणसांत कशी येऊ?”

“आई, धूर वाढतोय.”

“तू हो पुढे. मी गॅस बघते, कपाटाला किल्ली लावते, दात घालते नि आलेच.”

सून “हो आई” म्हणाली. चपला घालून माझ्याखाली येऊन उभी राहिली. खालचा जिना मोकळा होता. नवरा कामावर, सासूने तोंडाने परवानगी दिलेली. ती गेली असती तर कोण काय म्हणणार होतं?

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ओढणी नाकाला लावून चपलांसकट आत गेली. गॅस बंद केला. वाटीतली कवळी उचलली आणि रुमालात गुंडाळून मुठीत धरली.

“अगं, माझे दात!”

“दात खाली चाललेत, आई. हवे असतील तर चला.”

आणि ती सासूचा दंड धरून निघाली. सासूबाईंच्या तोंडाचं बोळकं झालेलं, तरी त्यांनी जिनाभर तिला असं काही फैलावर घेतलं की खालच्या मजल्यांवरची दारं आपोआप उघडली.

“काय झालं, काकू?”

“चोरटी आहे ही, चोरटी!”

“आग लागलीय, काका. तुम्हीही चला,” सून म्हणाली. आणि सगळे निघाले.

बंब येईपर्यंत शेजारचं दार कोसळलं होतं. ज्वाळा सासूबाईंच्या घराचा उंबरा ओलांडून आत शिरल्या. सासूबाईंचा पलंग दारालगतच्या खोलीत होता. त्याची एक बाजू कोळसा झाली. मी काळी ठिक्कर पडले, शब्द पार पुसला गेला.

त्या पलंगाबद्दल सासूबाई कधी बोलत नाहीत. आल्यागेल्याला इतकंच सांगतात, “आमच्या सुनेने माझे दात पळवले हो!” सांगताना सगळे दात दिसतात.

माझ्या जागी आता नवी हिरवी पाटी आहे. तिच्यावर शब्द नाही, नुसतं चित्र: दाराबाहेर धावणारा एक माणूस. मला सून घरी घेऊन आली. आता मी स्वयंपाकघरातल्या पिंपावर झाकण म्हणून असते; दार उघडं असलं की इथूनही लिफ्ट दिसते. तक्रार नाही. माझं म्हणणं एकदा एका माणसाने वाचलं, तेवढं पुरे.

काल सासूबाई लिफ्टपाशी थांबल्या होत्या. त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग सुनेचा हात धरून म्हणाल्या, “हा मेला एकटाच कुठे निघालाय गं? याच्या घरचे कुठेत?”