पाणी चावतं

"आई, आरसा कोरडा कसा?"

सासूबाई अंघोळ करून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. गरम पाण्याने अंघोळ झाली की बाथरूमचा आरसा वाफेने आंधळा होतो. आज तो लख्ख होता. प्रेमाने त्यांचा हात धरला, तर गारठलेला.

"गार पाण्यानं केलीत? ब्याऐंशीव्या वर्षी?"

"गरम पाणी चावतं गं," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "हल्ली बटणच लावत नाही मी. तुला सांगितलं होतं मागं."

सांगितलं होतं खरं. ऑफिसला निघायच्या घाईत "वयानं येतात हो अंगाला मुंग्या," असं म्हणून प्रेमा मोकळी झाली होती.

तिने हीटरचं बटण लावलं आणि ओलं बोट नळाला टेकवलं. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. झटक्यात हात मागे घेऊन तिने बटण बंद केलं आणि मेन बोर्डावरचा हीटरचा खटकाही पाडला. सासूबाईंच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र बसवलेलं होतं.

सुबोध, तिचा नवरा, जहाजावर चीफ इंजिनिअर. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. परदेशात, सेंगकांग भागात, हा जुना फ्लॅट विकत घेणं, लेकीची, तन्वीची, शाळा, सासूबाईंचं ऑपरेशन, शिवाय स्वतःची अकाउंट्सची नोकरी, सगळं प्रेमाने एकटीने ओढलं होतं. कुणापुढे हात पसरायचा नाही आणि कुठलंही काम उद्यावर टाकायचं नाही, हा तिचा खाक्या.

म्हणूनच जेवणाच्या सुट्टीत ती थेट हीटरच्या दुकानात गेली. दुकानदार उत्साहात म्हणाला, "टुडे कम, टुडे हॉट! ओल्ड वायर कॅन यूज."

"युअर मॅन हॅज लायसन्स?"

"नो नीड लाह. एव्हरीबडी डू लाइक दॅट."

एरवी ती हो म्हणून मोकळी झाली असती. पण तिचा कोपर अजून बधिर होता. ती तशीच बाहेर पडली.

संध्याकाळी डर्बन बंदरातून सुबोधचा फोन आला. तिने त्याला सगळं सांगितलं.

"तू हात लावून बघितलंस?" तो ओरडला. "अगं, आमच्याकडे साधा पंप उघडायचा तरी लेखी परमिट लागतं. आधी वीज तोडायची, कुलूप घालायचं, मग हात. तू काय मला विधुर करायला निघालीस? वायरिंगला लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आणि पाण्याच्या टाकीला लायसन्सवाला प्लंबर. दोघं येईपर्यंत थांब."

दोघांना एकत्र यायला शनिवारच जमत होता. तोवर प्रेमा रोज पहाटे गॅसवर पातेलं ठेवी, पाणी विसणून सासूबाईंच्या पाठीवर तांब्याने ओती. बावीस वर्षं एका घरात राहून तिने ती पाठ कधी पाहिली नव्हती. मणके मोजता यावेत इतकी वाळलेली.

"पुरे गं, तुझी गाडी चुकेल."

"चुकू दे. मान पुढे करा."

शनिवारी मिस्टर लिम आले, साठीचे इलेक्ट्रिशियन. सोबत प्लंबर. जुना हीटर उतरवल्यावर लिमनी प्रेमाला जवळ बोलावलं. अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नव्हती. कुणीतरी ती कापून, टेप गुंडाळून आत कोंबली होती. टाकीतला दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्यालाही बूच मारलेलं.

"ओल्ड लेडी वेरी लकी," लिम म्हणाले.

"नॉट लक," प्रेमा म्हणाली. "शी टोल्ड मी. आय डिडन्ट लिसन." लिमनी पक्कड उचलली.

दुपारपर्यंत नवा हीटर, नवी तार, नवा व्हॉल्व्ह, त्याच्या पाण्याला वेगळी नळी, सगळं झालं. लिमनी नळाला मीटर लावून तपासलं आणि कामाच्या कागदावर सही केली. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. त्या टाचा उंचावून लिमच्या डोक्यावर हात ठेवू लागल्या, तसे तेच थोडे वाकले.

"औक्षवंत हो बाबा. माझ्या सुनेचा घोर घालवलास."

"वॉट शी से?"

"शी सेज... लिव्ह लाँग," प्रेमा कशीबशी म्हणाली. लिमनी तिला नाही, सासूबाईंना मान लववली.

ते गेल्यावर सासूबाई टॉवेल घेऊन आत गेल्या. कडी लागली, पाणी सुरू झालं. प्रेमा दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. आधी नुसतं पाणी ऐकू येत होतं. मग हळूहळू त्यात व्यंकटेशस्तोत्राची गुणगुण मिसळली, निवांत, कुठेही न अडखळणारी. प्रेमाने डोळे मिटून हात जोडले. कुणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पाणी थांबलं. कडी वाजली तशी ती पावलांचा आवाज न करता स्वयंपाकघरात सटकली आणि उगाचच डाळ निवडायला बसली.