वेगाचं कुलूप

भाताच्या कुकरचं बटण खट्कन वर आलं आणि पहाटेची शांतता मोडली. छिऊयिंग दचकलीच. अंथरुणातून पाच वर्षांची दोउदोउ डोळे न उघडताच म्हणाली, "आई, आज तरी मी शेवटची नाही ना?"

"नाही गं राणी. आजपासून आपली गाडी पळणार."

कालच तिनं विजेच्या दुचाकीचं वेगाचं कुलूप काढून घेतलं होतं. एरवी पंचवीसच्या वर काटा गेला की गाडीतला बाईचा आवाज "वेग कमी करा" म्हणून कोकलायचा. मेकॅनिक लियांगनं वायरी बदलल्या नि हसला, "ताई, आता चाळीसनं जाईल. पण बॅटरी भसाभस पिते हं."

छिऊयिंगनं ते कानामागे टाकलं. रात्री भरलेली बॅटरी नेहमीच जाऊन-येऊन पुरायची.

सकाळ तर झकास गेली. संध्याकाळी शिवणकारखाना सुटताच ती सुसाट निघाली. वारा लागू नये म्हणून गुडघ्यांवर पांघरलेली गोधडी फडफडत होती. सिग्नलला पाय टेकवावा तर जीव खाली-वर. बाकी पोरांना न्यायला आजी-आजोबा असतात. दोउदोउ तेवढी बालवाडीच्या दाराशी स्टुलावर. तिनं मूठ आणखी पिळली.

नदीवरच्या पुलाच्या चढावर बॅटरीच्या दोन रेघा एकदमच गेल्या.

"चल ना गं बाई," ती गाडीलाच विनवू लागली. उरलेली रेघ लुकलुकली नि गाडी बसली.

मागून पालेभाजीच्या पिशव्या लटकवलेली एक म्हातारी दुचाकीवरून आली. "कुलूप काढलंस वाटतं?"

"काढलं हो मावशी. पोरगी वाट बघतेय."

"बस मग. हँडल सरळ धर."

म्हातारीनं आपल्या गाडीवरूनच एक पाय छिऊयिंगच्या गाडीला मागून लावला आणि ढकलू लागली. भराभर गाड्या पुढे निघून जात होत्या.

"मावशी, जरा जोरात..."

"माझं कुलूप शाबूत आहे बाई! आणि मला घरीपण पोचायचंय."

छिऊयिंग बालवाडीच्या फाटकाशी पोचली तेव्हा अंगण रिकामं होतं. स्टुलावर दोउदोउ, दप्तर छातीशी धरून. रडत नव्हती, हेच जास्त लागलं.

"बॅटरी संपली गं सोन्या. फार जोरात आणली ना, म्हणून."

दोउदोउनं बराच विचार केला.

"मग तू हळू आली असतीस, तर लवकर आली असतीस?"