ज्या पायानं लाथ मारली

आम्ही तंजावरकडची माणसं सोवळ्याला मडी म्हणतो. न्हाऊन मडीचं लुगडं नेसलं की पोथीचा अध्याय संपेपर्यंत मी कुणाला शिवत नाही, मधे उठत नाही. लग्नापासूनचं व्रत. मद्रासला आलो, अंबत्तूरला घर घेतलं, तरी ते मोडलं नाही.

मागच्या खोलीत पुतण्या उमाकांत आणि त्याची बायको हेमावती राहत. तो कारखान्यात सुपरवायझर. पोथी ऐकायला रोज देवघराच्या दाराशी बसे. पतिव्रतेच्या अध्यायात एक कथा आहे. नवऱ्यानं लाथ मारली, तर त्याचाच पाय दुखला असेल म्हणून बायकोनं तो मांडीवर घेऊन चेपला, आणि देव प्रसन्न झाले. ही कथा आली की उमाकांत मान डोलवी. मग हेमावतीच्या अंगावर वळ दिसत. एकदा तिचे पुढचे दात गेले. मी त्याला बाजूला घेऊन बोलले, तर हसला.

"काकी, वाचता तुम्ही. मी आपला ऐकतो."

ही कथा गाळली तर पाप लागेल का, असं मी ह्यांना विचारलं. जुन्या ग्रंथाला आजची मापं लावू नयेत, तो काळ वेगळा, असं ह्यांचं म्हणणं. मला ते पटलं. ऋषींपुढं मी कोण?

पुन्हा तो अध्याय आला तेव्हा उमाकांत दाराशी नव्हता. मागून भांडी आदळल्याचा आवाज आला, मग भिंतीवर काहीतरी जड आपटल्याचा. मी वाचत राहिले. हेमावती धावत आली. कपाळ फुटलेलं, एक डोळा रक्तानं मिटलेला. उंबऱ्याशी येऊन ती थबकली. मी हात पुढे केला, तर तिनं स्वतःचे हात छातीशी ओढून घेतले.

"नको काकी, तुम्ही मडीत आहात."

तिथंच त्यानं तिला गाठलं. वेणीला धरून खाली पाडलं आणि पोटात लाथा घातल्या. वाळली काटकी मोडावी तशी तिची बरगडी मोडल्याचं मी ऐकलं. मग त्यानं पाय तिच्या तोंडापुढं धरला.

"चेप. पोथीत आहे तसं."

आणि ती पोर खरंच रक्ताळलेले हात त्या पायाकडे नेऊ लागली.

मी उठले. पोथीखालची सागवानी ठवणी ओढली, तशी पानं जमिनीवर पसरली. ठवणी दोन्ही हातांनी त्याच्या नडगीवर हाणली. हाड मोडलं. तो ओरडत पडला, तरी मी आणखी एकदा हाणली. मग हेमावतीचं डोकं मांडीवर घेतलं. लुगडं भिजलं.

हे धावत आले. आधी माझ्या लुगड्याकडे पाहिलं, मग उमाकांतकडे, आणि टॅक्सी आणायला गेले.

उमाकांत आता लंगडतो, त्याच्या भावाकडे राहतो. हेमावती आमच्याकडे.

पोथी मी अजून रोज वाचते. ती कथा गाळत नाही. पुरी वाचते, मग मोठ्यानं म्हणते, "हे चूक आहे." नमस्कार करते आणि पान उलटते. पहिल्यांदा हे दचकले होते. हेमावती जवळ बसलेली असते, खांदा माझ्या खांद्याला टेकवून.