माझ्या तोंडावरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे, रुग्णालयातला. माझ्या अंगावर औषधाची सिरिंज आडवी बसवतात आणि मी तिचा दट्ट्या इतका सावकाश ढकलतो की तो हललेला दिसतही नाही. नळी तुंबली की ओरडायचं, हे माझं दुसरं काम.

मला घडवणारी बाई बायोमेडिकल इंजिनिअर होती. सुरुवातीला ती रुग्णालयाच्या तळघरात यंत्रं दुरुस्त करायची. सिस्टर तिला 'पंपवाली' म्हणत. दुरुस्तीला येणाऱ्या प्रत्येक पंपाच्या आवाजाच्या भोकांवर तिला चिकटपट्टी दिसे.

"सिस्टर, याचं तोंड का बांधलंत?"

"तुम्ही बसता खाली तळघरात. इथे हे दिवसभर आमच्या कानाशी केकाटतात. पेशंटनं कूस बदलली तरी बोंब!"

एकदा असाच तोंड बांधलेला पंप तळघरात आला. त्याची नळी तुंबली होती, तो ओरडला होता आणि पेशंट गेला होता. पट्टी तिनेच सोलून काढली. काही महिन्यांत नोकरी सोडून ती संशोधनासाठी पुन्हा विद्यार्थिनी झाली.

प्रवेशाच्या मुलाखतीत प्राध्यापक हसले. "पाने-पकडी चालवणाऱ्या हातांना हे झेपेल का?"

"झेपलं नाही तर पाने-पकडी आहेतच की, सर," ती म्हणाली.

तिची मुलगी लहान होती. शाळा सुटली की ती, आई मला घडवत होती त्या प्रयोगशाळेत येई, माझ्याशेजारी गृहपाठ करी आणि मी ओरडलो की कानांत बोटं घाली. "आई, याला गप्प कर ना!" आई म्हणे, "थांब, त्याला कारणाशिवाय न बोलायला शिकवतेय."

आणि तिने खरंच शिकवलं. वळलेली कूस आणि तुंबलेली नळी यांतला फरक मला कळू लागला. त्या दिवशी तिने माझ्या पाठीवर थाप मारली.

मग मला बाजारात आणणाऱ्या कंपनीचे साहेब आले. त्यांनी माझं फार कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, उगाच वाजला म्हणून कोणी कोर्टात जात नाही. वाजला नाही, तर जातं." तिने पुष्कळ वाद घातला. तरी माझ्यातलं शिक्षण पुसून त्यांनी जुनी बोंब भरली. तिला टाळ्या मिळाल्या. मला वॉर्ड मिळाला, आणि आठवड्याभरात तोंडावर पट्टी. कोणी तरी ती काढे, कोणी तरी पुन्हा लावे.

वर्षं गेली. एका दुपारी माझ्या शेजारच्या खाटेवर तीच आली. घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. तिचा रक्तदाब सावरणारं औषध मला ढकलायचं होतं. ती हलली की मी ओरडे. मला तेवढंच येत होतं.

उशाशी बसलेली मुलगी आता मोठी झाली होती. "सिस्टर, आई दचकते हो. याला जरा गप्प करता येईल का?"

"करते की, ताई." कापसाचा बोळा, वर आडवी-उभी पट्टी. माझा लाल दिवा डोळ्यांवर येतो म्हणून तोंडही भिंतीकडे फिरवलं.

पंपवाली माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बोट उचललं, माझ्याकडे दाखवलं आणि स्वतःच्या ओठांवर टेकवलं. पुन्हा. पुन्हा.

"तहान लागली का गं?" म्हणत मुलीने ओल्या कापसाने तिचे ओठ पुसले. किती मायेने पुसले!

थोड्या वेळाने माझी नळी खाटेच्या कठड्यात चिमटली. मी ओरडलो. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत खरं ओरडणं होतं. मुलगी आईचे केस विंचरत होती. कुठेतरी बारीक वाजतंय असं वाटून तिने एकदा आपल्या पर्समधला फोन काढून पाहिला आणि परत ठेवला.

मुलीच्या हाकेने डॉक्टर धावत आले, तेव्हा उशीर झाला होता. "हृदय थकलं होतं," ते म्हणाले. नळ्या काढताना सिस्टरने सवयीने माझी पट्टी ओढली आणि माझा आवाज सगळ्या वॉर्डभर घुमला.

मुलीने मान वर केली. "हा आत्ता का ओरडतोय?"

"काही नाही, ताई. हा असाच ओरडतो," म्हणत सिस्टरने माझं बटण बंद केलं.

मित्रांनो, उद्या तुमच्या माणसाच्या उशाशी माझ्यासारखा कोणी दिसला, तर आधी त्याच्या तोंडावरून हात फिरवून बघा. पट्टी लागली, तर काढा. आम्ही फार त्रास देतो, हे खरं आहे. तेवढा सहन करा.