टरफलमधली झडती

आचऱ्याहून मालवणकडे जाताना डाव्या हाताला जे उंच धुराडं दिसतं, ते काजूच्या कारखान्याचं. कारखाना बंद पडून चौदा वर्षं झाली. म्हातारे शेट वारले आणि त्यांची सून रसिका हिने तिथे कला केंद्र उघडलं. नाव ठेवलं 'टरफल'. बिया भाजायची भट्टी होती तिथे कॉफी मिळू लागली, बिया वाळवायच्या खळ्यावर मुंबईची माणसं पहाटे योगासनं करू लागली. गावातल्या कुणाला आत जायचं काही कारण उरलं नाही.

डिसेंबरात केंद्राने तीन 'खुले दिवस' जाहीर केले. त्याच्या आठवडाभर आधी कौस्तुभ सत्यवतीच्या दारात आला. कौस्तुभ पुण्याचा, केंद्राचा व्यवस्थापक. सत्यवतीने त्या कारखान्यात एकोणतीस वर्षं बिया फोडल्या होत्या. तिने आणि तिच्या शेजारी बसून बिया फोडणाऱ्या नर्मदाने तीन दिवस तिथे बसून काजू फोडून दाखवावेत, म्हणजे पाहुण्यांना खराखुरा अनुभव मिळेल, असं त्याचं म्हणणं होतं. फक्त नऊवारी नेसून या, म्हणाला. सत्यवतीने सांगितलं की कारखान्यात कुणी नऊवारी नेसत नव्हतं. चीक उडतो म्हणून सगळ्या जणी साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालत. कौस्तुभने ते वहीत लिहून घेतलं, फार महत्त्वाचं आहे म्हणाला, आणि जाताना पुन्हा नऊवारीची आठवण करून दिली.

बियाही त्यांनाच घरून आणायला सांगितल्या. कला केंद्रात काजू कुठला?

पहिल्या दिवशी दोघींना फोडणीच्या जुन्या दालनात चौथऱ्यावर बसवलं. भोवती दोरी बांधली आणि 'कृपया कारागिरांना स्पर्श करू नये' अशी पाटी लावली. पाहुणे घोळक्याने येत. कौस्तुभ त्यांना सांगे की इथे बायका ओव्या गात काजू फोडायच्या. नर्मदा खाली बघून हसली. ओव्या कुठल्या, नुसतं बोललं तरी मुकादम उठवून भर उन्हात खळ्यावर पाठवायचा.

दुपारी दोघी पाणी प्यायला उठल्या तेव्हा सत्यवतीला शेजारच्या दालनात तो फोटो दिसला. पुरुषभर उंचीचा, एकाच हाताचा. चिकाने काळा पडलेला, कातडी सोललेली. खाली लिहिलं होतं, 'अनामिका, क्रमांक ३'. मनगटावरचं तुळशीचं गोंदण आणि वाकडी करंगळी बघून ती जागीच थांबली. कारखान्याच्या शेवटच्या वर्षी एक जण विम्याच्या कार्डासाठी म्हणून सगळ्यांच्या हातांचे फोटो काढून गेला होता. कार्ड काही आलं नाही.

तिने कौस्तुभला बोलावून आणलं. "ह्यो हात माझो. खाली माझां नाव घाला."

कौस्तुभने तिला समजावलं. हा हात एका बाईचा नाही, राबणाऱ्या सगळ्या बायकांचा आहे. नाव घातलं तर तो लहान होईल. निनावी असणं हाच त्याचा अर्थ आहे. सत्यवतीने सगळं ऐकून घेतलं. मग दाराजवळच्या पाटीकडे बोट दाखवलं. तिथे 'संकल्पना' या शब्दाखाली कौस्तुभचं नाव आडनावासकट होतं.

"मग तुमचां कित्याक?"

कौस्तुभला त्याच वेळी पाहुण्यांनी बोलावलं.

चौथऱ्यावर परत बसल्यावर एका मुलीने विचारलं, दिवस संपला की इथल्या बायका काय करायच्या? कौस्तुभ सूर्यास्त आणि पाऊलवाट असं काही सुरू करणार, तोच सत्यवती ऑफिसात बोलावं तशा शुद्ध मराठीत म्हणाली, "फाटकावर झडती व्हायची."

कौस्तुभचा चेहरा उजळला. ते करून दाखवाल का, असं त्याने विचारलं. पाच मिनिटांत माइकवरून घोषणा झाली: चार वाजता, मुख्य फाटक, 'झडती: एक सहभागी अनुभव'. फक्त महिलांसाठी, कारण पुरुषांची झडती कधी झालीच नव्हती. तीसेक बायका हौसेने रांगेत उभ्या राहिल्या.

आधी सत्यवतीने सगळ्यांचे मोबाइल टोपलीत ठेवायला लावले. मग कामाला लागली. केस सोडायचे. ओढणी झटकायची. चपला काढायच्या. तोंड उघडून जीभ वर करायची. नर्मदा कमरेवरून हात फिरवत होती. पहिल्या चार-पाच जणी खिदळल्या. पुढे हसू कमी होत गेलं. मघाशी प्रश्न विचारणाऱ्या मुलीने तोंड उघडलं, मिटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज," सत्यवती म्हणाली. "पोटात पोर आसताना पण."

रांगेत पाठोपाठ रसिका होती. ती हसून बाजूने निघाली. आपण घरच्याच, म्हणाली. सत्यवतीने फाटकावर हात आडवा धरला. फाटकातून बाहेर जाणारी एकही बाई सुटता कामा नये, हा शेटचाच हुकूम होता, असं तिने नम्रपणे सांगितलं. लोक बघत होते. रसिकाने पर्स पुढे केली.

आत अकरा अख्खे गर निघाले. येता-जाता नर्मदाच्या सुपातून तिने सहज उचलले होते. सहजच घेतले, असं ती दोनदा म्हणाली.

नर्मदा त्या गरांकडे बघत राहिली. सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या अंबाड्यात दोन गर सापडले होते, तापाने फणफणलेल्या लेकीसाठी घेतलेले. मुकादमाने तिला तीन दिवस याच फाटकाला उभं केलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावं म्हणून. सत्यवतीला ते आठवत होतं. ती रसिकाला फाटकाजवळची जागा दाखवायला वळलीसुद्धा.

"सोड गो तिका," नर्मदा म्हणाली. "हंय उभी रवल्यार कसां वाटता ता माका ठावक आसा."

सत्यवतीने गर सुपात परत टाकले आणि रसिकाला वाट दिली.

संध्याकाळी कौस्तुभचा निरोप आला: पाहुण्यांच्या भावना लक्षात घेऊन उरलेल्या दोन दिवसांचं प्रात्यक्षिक रद्द केलं आहे, येण्याची तसदी घेऊ नये.

सत्यवतीने निरोप्याला विचारलं की उरलेले दिवस लोकांसाठी खुलेच आहेत ना? खुलेच होते. वर्तमानपत्रात तसं छापलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कारखान्यातल्या जुन्या बत्तीस बायका फाटकातून आत गेल्या, पाचवारी साड्या नेसून. अडवायचं कसं, हे कुणालाच सुचेना. फोटो रातोरात उतरवला होता. भिंतीवर नुसता पांढरा चौकोन राहिला होता आणि नाशिकचं एक जोडपं त्याच्यासमोर गंभीरपणे उभं होतं. बायका दालनादालनांतून हिंडल्या. कोण कुठे बसायची, कुणाचं बोट कुठे चिरडलं, हे एकमेकींना मोठ्याने सांगत राहिल्या. हळूहळू पाहुणे कौस्तुभला सोडून त्यांच्या मागून चालू लागले.

शेटच्या ऑफिसात एकोणतीस वर्षांत सत्यवतीने पाऊल ठेवलं नव्हतं. आता तिथे गार हवेचं वाचनालय होतं. तिने पाय पुसले, खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि नर्मदालाही बसवलं. कॉफी आली. नर्मदाने एक घोट घेतला, कडू लागली म्हणून साखर मागितली, आणि ती येईपर्यंत दोघी खिडकीतून खळ्याकडे बघत बसल्या.