खानशा उताणी पडली

तेमिरबेक वारला आणि त्याची खानशा त्याच्या बायकोच्या, झानिलच्या, गळ्यात पडली. खानशा म्हणजे तळहाताएवढा केसाळ टॅरंटुला कोळी. कझाकस्तानातल्या तराज शहरात, त्यांच्या दोन खोल्यांत काचेच्या पेटीत तो राही. कोळी मादी होता, म्हणून तेमिरबेक कौतुकाने तिला खानशा, म्हणजे घरची राणी, म्हणायचा. झानिलला तिची शिसारी यायची. मयताच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले, आणि घरात या दोघीच उरल्या.

नवरा करायचा तसं झानिल चिमट्याने झुरळ आत सोडी. खानशा ढुंकून पाहीना.

"दुःख करतेय ती," शेजारची रौशन म्हणाली. "माझा सासरा गेला तेव्हा त्याच्या घोड्याने दाणा सोडला होता."

"घोड्याचं वेगळं असतं गं. हिला तर आठ डोळे असून माणूस ओळखता येत नाही, असं हेच म्हणायचे."

"मग खात का नाही?"

झानिलला स्वतःला मात्र जेवण जात होतं, झोप लागत होती, मयतीच्या दिवशीही डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. एक कोळी आपल्यापेक्षा जास्त दुःख करतोय, हे तिला आत कुठेतरी टोचत होतं.

एके सकाळी पाहते तर खानशा उताणी. झानिलला जे रडू फुटलं ते थांबेचना. हुंदके देतच तिने रशीदला फोन लावला. रशीद तेमिरबेकचा जिवलग, तोही कोळी पाळणारा.

"वहिनी, पाय पोटाशी आखडलेत का?"

"नाही, पसरलेत."

"मग हात लावू नका! मेली नाही ती, कात टाकतेय."

"अन् तो उपास?"

"कात टाकायच्या आधी खात नाहीत त्या."

"म्हणजे ह्यांच्यासाठी नव्हता तो?"

"वहिनी, तेमिरबेक कोण हे तिला कधी ठाऊकच नव्हतं. त्यालाही ते माहीत होतं."

झानिलने फोन ठेवला. राग यावा की हायसं वाटावं, तिला कळेना. आपण आत्ता नक्की कोणासाठी रडलो, हेही कळेना. ती पेटीपुढे बसून राहिली. हातमोज्यातून बोटं सोडवावीत तसा खानशा एकेक पाय जुन्या कातडीतून ओढून काढत होती. बाहेर आली ती ओलसर, फिकी, तान्ह्या बाळासारखी दमलेली.

दुसऱ्या दिवशी धाकटा दीर येस्बोल खोकं घेऊन आला. "शिमकेंटला एक कोळी पाळणारा मिळालाय, वहिनी. आण तिला, सुटशील एकदाची."

"आत्ता नाही. तिचे दात अजून मऊ आहेत, हलवायची नाही."

"तू केव्हापासून शहाणी झालीस कोळ्यांतली? बरं, केव्हा येऊ मग?"

"सांगेन."

"अगं, पण तुला तर किळस येते ना तिची?"

"येते की."

"मग?"

"मला नाही माहीत, येस्बोल. चहा घे."

चहा पिऊन, मान हलवत, तो रिकामं खोकं घेऊन गेला. झानिलने पेटीतली पाण्याची वाटी भरली. वाकता वाकता ती म्हणाली, "हे गेले गं." खानशा हलली नाही. झानिलने तेच पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगितलं.